नांदणे आणि नांदविणे



मराठीत 'नांदणे' हा एक शब्द आहे आणि 'नांदविणे' हा दुसरा. लग्नात अक्षता टाकताना आपण दोघांना मिळून म्हणतो, सुखाने नांदा. सहा महिने गेले की चौकशी होते ती मात्र एकीचीच. पोरगी नांदते ना, असे आपल्या अकोल्याच्या बाजारात विचारले जाते. जावई नांदतो ना, असे कोणी कोणाला विचारल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तिने नांदायचे आणि त्याने नांदवायचे, अशी वाटणी भाषेनेच करून टाकली आहे. एका छपराखाली राहणाऱ्या दोघांत कोणाचे काय असते, एकाने दुसऱ्याला कोठवर विचारावे, कोणत्या गोष्टीला हात लावू नये आणि तरी एकमेकांवर भरवसा कसा ठेवावा, हा आजचा आमचा विषय. त्याचा इतिहास सांगायचा म्हणजे या दोन शब्दांमधल्या अंतराचाच इतिहास सांगायचा.

आरंभ घरापासूनच करू. प्रवरेकाठी अगस्तींचा आश्रम आहे. तेथे आपण सारेच जातो, पण अगस्तींचे नाव आपल्या तोंडी जितके आहे तितके लोपामुद्रेचे नाही. महाभारताच्या वनपर्वात तिची कथा आहे. विदर्भाच्या राजाची ही मुलगी ऋषीच्या घरी आली, त्याच्या सांगण्यावरून तिने रेशमी वस्त्रे आणि दागिने उतरविले, वल्कले नेसली, त्याच्या बरोबरीने तप केले. पुढे ऋषीने जवळीक मागितली, तेव्हा तिने हात जोडून पण स्पष्ट सांगितले की, माझ्या बापाच्या घरी होता तसा पलंग हवा, अंगावर अलंकार हवेत, तुम्हीही सजून या. तपस्व्याच्या या वस्त्रांत हे नको. आणि यासाठी तुमचे तप खर्ची पडता कामा नये, ही तिची दुसरी अट. अगस्तींनी शाप दिला नाही. ते द्रव्य आणण्यासाठी बाहेर पडले. तीन राजांकडे गेले, प्रत्येकाचा जमाखर्च पाहिला, जमा तेवढाच खर्च आहे असे दिसल्यावर येथून घेतले तर प्रजेला पीडा होईल म्हणून काही न घेता पुढे निघाले. (बोनसच्या बोलण्यांत ताळेबंद मागणाऱ्या आमच्यासारख्यांना हा ऋषी फार जवळचा वाटतो.) शेवटी इल्वलाकडून द्रव्य मिळाले आणि लोपामुद्रेची अट पुरी झाली.

याहून जुनी साक्ष ऋग्वेदात आहे. पहिल्या मंडलाच्या १७९ व्या सूक्तात या नवराबायकोचा संवाद आहे. तो अगदी खाजगी आहे. वय चालले, व्रतेच किती करायची, असे बायको नवऱ्याला विचारते. परंपरा असे सांगते की, हे बोलणे आश्रमातल्या एका शिष्याच्या कानी पडले आणि सूक्ताच्या शेवटच्या ऋचा त्या शिष्याच्या आहेत, ऐकल्याच्या दोषाची क्षमा मागणाऱ्या. आम्ही संस्कृतचे पंडित नव्हे, भाषांतरावरच आमची भिस्त. पण दोष बोलणाऱ्यांचा न मानता ऐकणाऱ्याचा मानला, एवढे भाषांतरातही दिसते.

कथेतल्या राजकन्येला नवऱ्यापुढे अट घालता आली. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या एका मुलीला तेवढेच बोलण्यासाठी हायकोर्टाच्या पायऱ्या चार वर्षे झिजवाव्या लागल्या. तिचे नाव रखमाबाई. जन्म १८६४ चा. वडील लहानपणी वारले. आई जयंतीबाईंनी दुसरे लग्न केले ते डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी. मुंबईतले हे नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली निघाली, तिच्या संस्थापकांतही ते होते. सुतार जातीत पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती, बालविवाहालाही नव्हती. रखमाबाई अकरा वर्षांची असताना तिचे लग्न दादाजी भिकाजी या तरुणाशी लागले. ती सासरी गेली नाही. सावत्र वडिलांच्या घरी राहून पुस्तके वाचीत शिकली. दादाजी आपल्या मामाच्या घरी राहिला. अशी आठ वर्षे गेली. १८८४ च्या मार्चमध्ये दादाजीने वकिलाकरवी मागणी केली की माझी बायको माझ्या घरी पाठवा, आणि नकार आल्यावर त्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला. कायद्याच्या भाषेत हा वैवाहिक हक्क परत मिळविण्याचा दावा. आपण त्याला नांदण्याचा दावा म्हणू.

रखमाबाईने नवऱ्याच्या दारिद्र्याकडे, प्रकृतीकडे, वागणुकीकडे बोट दाखविले. पण तिचा मूळ मुद्दा वेगळाच होता. हे लग्न मला समज नसताना लावले, मी त्याला कधी मान्यता दिली नाही, असे ती म्हणत होती. आजवर एवढे साधे वाक्य हिंदुस्थानातल्या न्यायालयात कोणी उच्चारले नसावे. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. त्यांचा विचार असा की, परत मिळवायचे ते आधी असावे लागते. ही दोघे कधी एकत्र राहिलीच नाहीत, तर परत काय द्यायचे? लहानपणी लग्न लावलेल्या तरुण स्त्रीला, नको असलेल्या माणसाच्या घरी न्यायालयाने ढकलावे, ही गोष्ट त्यांना क्रूर वाटली.

मग जो गदारोळ उठला तो वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत आजही वाचायला मिळतो. मलबारी, न्यायमूर्ती रानडे, तेलंग ही मंडळी रखमाबाईच्या बाजूची. पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू करणारे हेच रानडे, हे येथे जमलेल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. उलट बाजूला टिळकांचे केसरी आणि मराठा हे पत्र, धर्मशास्त्राने दिलेला नवऱ्याचा हक्क इंग्रज न्यायाधीशाने हिरावला म्हणून संतापलेले. लोकमान्यांना १९०८ साली शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. त्या परंपरेतले आम्ही. तरी या प्रकरणात लोकमान्यांची बाजू आम्हांस घेता येत नाही.

१८८६ च्या मार्चमध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हे यांचा निकाल फिरविला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाली, तुरुंगात जाईन.

आता येथे थोडे थांबावेसे वाटते, कारण आमच्या धंद्याशी याचा संबंध आहे. एखाद्या कामगाराने मालकाशी करार केला आणि पुढे काम करायला नकार दिला, तर न्यायालय फार तर भरपाई द्यायला लावते. माणसाला धरून नेऊन त्याच मालकाकडे कामाला जुंपत नाही. व्यक्तिगत सेवेचा करार सक्तीने पुरा करवून घेता येत नाही, हे तत्त्व जुने आहे. पण इंग्रजांनी हिंदुस्थानात त्यालाही अपवाद केला होता. १८५९ चा तेरावा कायदा असा की, कारागिराने किंवा मजुराने उचल घेतली आणि काम सोडले, तर मॅजिस्ट्रेटने त्याला कामावर जाण्याचा हुकूम द्यावा आणि न ऐकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. उचल घेतलेला मजूर आणि लग्न झालेली बायको, दोघांनाही हुकूम एकच: जा, नाहीतर तुरुंग. मजुराला तीन महिने आणि बायकोला सहा, एवढाच फरक. मजुराने निदान हातात उचल घेतलेली असे. बायकोचा तुरुंगवास १९२३ साली कायद्यातून गेला आणि मजुरांवरचा तो कायदा १९२५ साली रद्द झाला. दोन वर्षांच्या अंतराने दोघे सुटले, हा योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही.

आणि हा नांदण्याचा दावा मुळात ना मनूचा ना याज्ञवल्क्याचा. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला. ज्या १८८४ साली दादाजीने दावा लावला, त्याच साली इंग्लंडने आपल्या देशात असा हुकूम मोडणाऱ्याची कैद बंद केली. म्हणजे धर्म बुडाला म्हणून जी ओरड आपल्याकडे झाली, ती एका परदेशी आणि तिकडेच मोडीत निघालेल्या हत्यारासाठी होती.

रखमाबाईला तुरुंगात जावे लागले नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हुकूम बजावण्याचा हट्ट सोडला. पण त्या चार वर्षांत तिच्या घराची काय अवस्था झाली ते पाहावे. १८८५ साली 'एक हिंदू स्त्री' या नावाने तिने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर पत्रे लिहिली, तेव्हा आपले नाव झाकले होते. नाव झाकण्याचाही तिला हक्क होता. पुढे दादाजीने पुस्तिका छापून तिच्या आईची, आजोबांची, इस्टेटीची लक्तरे वेशीवर टांगली, तेव्हा तिलाही छापील उत्तर द्यावे लागले. ज्याच्याशी ती एक दिवस राहिली नव्हती, त्याने तिच्या घरातले सारे गावाला वाचायला दिले. पुढे ती इंग्लंडला गेली, १८९४ साली डॉक्टर झाली, सुरत आणि राजकोट येथे स्त्रियांच्या रुग्णालयांतून तिने आयुष्यभर काम केले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी ती वारली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला होता, आणि त्याच्या नवव्या कलमात नांदण्याचा दावा पुन्हा लिहिलेला होता. इंग्लंडने तो १९७० साली समूळ काढून टाकला. आपल्याकडे तो आजही आहे, फक्त त्यात कैद नाही आणि नवऱ्याप्रमाणे बायकोलाही तो लावता येतो. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तो खाजगी आयुष्यावरचा घाला म्हणून रद्दबातल ठरविला. त्याच वर्षी दिल्लीच्या उच्च न्यायालयाने आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

न्यायालयात गेलेले हे झाले. जे गेले नाहीत, त्यांचे काय? आपल्या हरिश्चंद्रगडाच्या अंगाला उगम पावणारी मुळा खाली राहुरीला जाते. त्या राहुरीत आणि नगरात गेल्या शतकाच्या आरंभी एक जोडपे राहत होते, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. त्यांचे लग्न १८८० चे, नाशिककडचे. ती बारा वर्षांची. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. निर्णय त्यांचा एकट्याचा होता, ती तेव्हा जवळ नव्हती, आणि तिच्यावर आकाश कोसळले. मुलाला घेऊन ती काही वर्षे नातलगांकडे राहिली. टिळकांनी पत्रे लिहिली, विनवण्या केल्या, पण नांदण्याचा दावा लावला नाही. त्या काळच्या कायद्याने तसा मार्ग होता की नव्हता याची खल करणारे वकील त्यांना मिळाले असते. रखमाबाईचे प्रकरण ताजेच होते.

काही वर्षांनी ती परत आली ती आपल्या अटीवर. धर्म बदलणार नाही, सोवळे सोडणार नाही. ख्रिस्ती नवऱ्याच्या संसारात एक हिंदू बायको आपला स्वयंपाक, आपले पाणी निराळे ठेवून राहिली. हा देखावा दोन्ही समाजांना चमत्कारिक वाटला असणार. नवरा उपदेशक, त्याची स्वतःची बायको त्याच्या हातचे पाणी पीत नाही, आणि तो लोकांना ख्रिस्ताची वार्ता सांगत फिरतो! मिशनच्या आवारात कुजबुज किती झाली असेल याचा अंदाज कोणीही करावा. टिळक तापट होते, विक्षिप्त होते, घरातली वस्तू उचलून कोणालाही देऊन टाकणारे होते. संसाराला सोपे असे काहीच त्यांच्यापाशी नव्हते. पण घरातल्या घरात आखलेली ही एक रेघ त्यांनी ओलांडली नाही. पुढे लक्ष्मीबाईंच्या मनात जातीबद्दलचा विचार आपोआप बदलला आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो बदल नवऱ्याने आणलेला नव्हता, हे त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी स्वच्छ मांडले आहे. हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात निघाले, टिळक १९१९ मध्येच गेले होते. नवऱ्याची फजिती सांगताना बाई त्यात आपलीही सांगतात, आणि पत्रांत, भांडणांत जेवढे सांगण्याजोगे तेवढेच सांगतात. दादाजीच्या पुस्तिका आणि लक्ष्मीबाईंचे पुस्तक शेजारी ठेवून वाचावे. घरातले बाहेर सांगण्याचे दोन प्रकार लगेच दिसतात.

टिळकांच्या वागण्यात एक दोष मात्र आम्हांस दिसतो. श्रद्धा ज्याची त्याची, ती बायकोलाही विचारून ठरवायची नसते. पण तिचा परिणाम बायकोच्या माहेरावर, तिच्या पंगतीवर, मुलाच्या मुंजीवर होणार, हे ठाऊक असता ते आधी समोर बसून बोलायला हवे होते. मनात ठेवण्याचा हक्क आणि अंधारात ठेवण्याचा हक्क, हे दोन निराळे आहेत.

कोणी म्हणेल, ही शिकल्यासवरल्यांची घरे, त्यांना खोल्या होत्या. ज्यांना एकच खोली, त्यांच्यात कसले आले खाजगीपण? घाटावरची माणसे पोटासाठी मुंबईला गेली, त्यांनी हा प्रश्न कसा सोडविला ते पाहण्यासारखे आहे. १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या, त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात नवराबायको, मुले, गावाकडून आलेला भाऊ, कधी पोटभाडेकरूही. मध्ये दोरीवर लुगडे टाकले की झाल्या दोन खोल्या. नवे लग्न झालेले असले की बाकीचे पुरुष कोणी न सांगता पथारी उचलून गॅलरीत किंवा फुटपाथवर जात. दार उघडेच असे, तरी माणूस खाकरून आत येई. खाकरणे ही कडीच होती म्हणा ना. भिंत नव्हती तेथे लोकांनी रीत उभी केली, आणि ती पाळली.

पत्रांचे मात्र वाईट हाल. बायको गावी, नवरा मुंबईत. दोघांनाही अक्षरओळख नाही. नवऱ्याचे पत्र खोलीतला शिकलेला गाववाला लिहून देणार, गावात ते शाळेतले पोर नाहीतर पोस्टमन सासूसासऱ्यांसमोर मोठ्याने वाचणार. त्यामुळे मजकूर ठरलेला: सर्व खुशाल, पाऊस कसा आहे, म्हैस व्याली का. दोघांचे म्हणून जे होते ते कागदावर येतच नसे. साक्षरतेने गरीब माणसाला काय दिले असे कोणी विचारले तर आम्ही हे सांगतो, की आपल्या माणसाचे पत्र त्याला एकट्याने वाचता येऊ लागले.

आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि तोही कोणीतरी शेजारी बसून वाचीत आहे. युनियनच्या कचेरीत पगाराची भांडणे येतात तशी घरचीही येतात. आपल्या भागात विड्या वळणाऱ्या बायका पुष्कळ. पूर्वी मजुरी हातात पडे, आता बँकेत जमा होते, ही चांगली सुधारणा. पण कार्ड नवऱ्याच्या खिशात आणि त्याचा आकडाही त्यालाच ठाऊक, असे आम्ही किती घरांत पाहिले! विचारले तर तो म्हणतो, आमच्यात लपवाछपवी नाही. बरे, मग तुझ्या खात्याचा आकडा तिला ठाऊक आहे काय? येथे गडी गप्प होतो. शहराकडे लग्नावाचून एकत्र राहणारी तरुण मंडळी आहेत, त्यांच्यातही फोन दाखव, कोठे आहेस ते नकाशावर दाखव, हाच तगादा चालतो असे ऐकतो. लग्नाचा कागद नाही म्हणून मालकीची भावना कमी होते असे नाही.

आणि घरच्या दाराआड मारहाण झाली की हेच दार पुढे करतात: हा आमचा खाजगी मामला आहे. खाजगीपण घराचे की घरातल्या माणसाचे, हा प्रश्न यामुळे नुसता पुस्तकी राहत नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने विवाहासारख्या नात्यातल्या स्त्रीलाही संरक्षण दिले, म्हणजे दाराआडचा माणूस कायद्याने ओळखला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, आणि तो व्यक्तीचा आहे.

तरी नवराबायकोच्या बाबतीत गाडे पुन्हा अडलेले आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात १२२ वे कलम होते, २०२३ च्या नव्या कायद्यात ते १२८ वे झाले: संसार चालू असताना नवराबायको एकमेकांशी जे बोलतात ते दुसऱ्याच्या संमतीवाचून न्यायालयात उघड करता येत नाही, मात्र भांडण त्या दोघांमधलेच असेल तर ही आडकाठी नाही. पंजाबातल्या भटिंड्याच्या एका नवऱ्याने घटस्फोटाच्या दाव्यात बायकोशी झालेले, तिला न कळविता टिपलेले फोनवरचे बोलणे पुढे केले. उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ते नाकारले. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते चालेल असे ठरविले. या मुभेने घरोघर हेरगिरी वाढेल, हा आक्षेप न्यायालयाला पटला नाही. जेथे नवराबायको एकमेकांवर पाळत ठेवू लागली तेथे संसार आधीच मोडलेला असतो, पाळत हे त्या मोडण्याचे लक्षण आहे, असा त्यांचा विचार.

लक्षण आहे हे खरे. पण आम्ही कारखान्याच्या फाटकावर पाहिले आहे की, ज्या दिवशी मालकाच्या हेराने टिपलेले बोलणे चौकशीत ग्राह्य धरले, त्या दिवसापासून चहाच्या टपरीवरही माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली. ज्यांचे काही वाकडे नव्हते तीसुद्धा. न्यायाधीशांपुढे मोडलेले संसारच येतात. न मोडलेल्या घरातल्या बाईने नवऱ्याशी रात्री फोनवर बोलताना काय बोलावे आणि काय गिळावे, हे त्या निकालाने ठरणार आहे, आणि ती बाई त्या दाव्यात पक्षकार नव्हती. भटिंड्याचे प्रकरण पुढील सुनावणीसाठी तेथल्या कुटुंब न्यायालयाकडे परत गेले.